पॅरामिशियमच्या अन्नरिक्तिकेतील आम्ल: साध्या सूक्ष्मदर्शकावर केलेल्या कामाच्या नोंदी

११ जानेवारी

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत, पदवीच्या शेवटच्या वर्षातील दोन विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन हे काम आज सुरू केले. पॅरामिशियम या एकपेशीय प्राण्याने गिळलेले अन्न ज्या रिक्तिकेत (पातळ पटलाने वेढलेल्या पोकळीत) बंद होते, ती रिक्तिका काही मिनिटांत तीव्र आम्लधर्मी होते आणि त्यानंतर तिचा सामू (पीएच) पुन्हा वर चढतो. हा बदल जिवंत पेशीत, रंगदर्शकाच्या (सामूनुसार रंग बदलणाऱ्या द्रव्याच्या) मदतीने आणि घड्याळ लावून टिपता यावा, एवढेच उद्दिष्ट आहे. साधने म्हणजे विद्यार्थ्यांच्या वापरातला सूक्ष्मदर्शक, त्याची १० आणि ४० पटींची वस्तुभिंगे, नेत्रिकेवर बसणारा मोबाईलचा धारक आणि एक जुना मोबाईल.

मूळ कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेचनिकॉफ यांनी एकपेशीय प्राण्यांना लिटमसचे कण खाऊ घालून ते लाल होताना पाहिले होते. पुढे १९८० च्या दशकात हवाई विद्यापीठातील रिचर्ड ॲलन आणि ॲग्नेस फोक यांनी पॅरामिशियममधील हा संपूर्ण प्रवास टप्प्याटप्प्याने उलगडला. आम्ल लयकारिकांतून (लायसोसोम, म्हणजे पाचक विकरांच्या पिशव्यांतून) येत नाही, त्यांच्याही आधी ॲसिडोसोम नावाच्या वेगळ्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) रिक्तिकेला येऊन मिळतात आणि त्यांच्यामुळे ती आम्लधर्मी होते, हे त्यांनी १९८३ मध्ये दाखवले. लयकारिका त्यानंतर मिळतात. म्हणजे रंग बदलण्याचा क्षण हा दोन पटले एकमेकांत विलीन झाल्याचा पुरावा आहे, आणि तो पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागत नाही. पाषाण रस्त्यावरच्या आयसर या विज्ञान संस्थेत किंवा विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात चालते तसले काम आमच्या कुवतीबाहेरचे आहे. हे मात्र कोणत्याही महाविद्यालयाला जमावे, अशी अपेक्षा आहे.

पाण्याचे नमुने दोन ठिकाणांहून आणले. पाषाण तलावाच्या काठच्या जलपर्णीची मुळे बाटलीत हलवून घेतलेल्या पाण्यात चक्रधर प्राणी (रोटिफर) भरपूर आणि पॅरामिशियम अगदी तुरळक निघाले. एका रोपवाटिकेतील कमळाच्या टाकीच्या तळची कुजकी पाने मात्र कामाची ठरली.

२५ जानेवारी

संवर्धनासाठी ज्वारीचा कडबा वापरला. बोटभर लांबीचे तुकडे अर्धा तास उकळून, पाणी गाळून, दोन दिवस उघडे ठेवले म्हणजे त्यात जिवाणू वाढतात आणि पॅरामिशियम त्यांवर जगते. नळाचे पाणी थेट घेऊ नये, कारण त्यातील क्लोरीन जिवाणूंनाच मारतो. उकळून गार केलेले पाणी चालते. उकळलेल्या पाण्यात प्राणवायू उरत नाही, म्हणून ते एका बीकरमधून दुसऱ्यात चार-पाच वेळा उंचावरून ओतून घ्यावे.

पहिला आठवडा वाया गेला. जानेवारीतील पुण्याच्या रात्री थंड असतात आणि आमची खोली उत्तरेकडची आहे, त्यामुळे वाढ जवळपास थांबली. त्यातच कमळाच्या टाकीतून आलेले चक्रधर प्राणी संवर्धनात वाढू लागले. शेवटी स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी ओढून बारीक टोकाचा ड्रॉपर तयार केला आणि खळगा असलेल्या काचपट्टीवर एकेक पॅरामिशियम उचलून, तीन वेळा स्वच्छ पाण्यातून काढून, नव्या नळीत सोडले. एका पेशीपासून वाढलेले संवर्धन हाती आले, याचा पुढे मोठा फायदा झाला, कारण सर्व पेशींचे आकार आणि सवयी एकसारख्या राहिल्या. आकार आणि केंद्रक पाहता ही जात पॅरामिशियम कॉडेटम असावी.

ज्यांना घाई आहे त्यांनीही ही पायरी वगळू नये.

८ फेब्रुवारी

खाऊ घालण्याआधी पेशी दाट करून घ्याव्या लागतात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलेल्या पेशी बराच वेळ अन्न घेत नाहीत, असे पहिल्याच प्रयोगात दिसले. त्यावरचा जुना उपाय चांगला आहे. पॅरामिशियमची ओढ वर पोहण्याकडे असते. म्हणून लांब मानेच्या मोजचंबूत संवर्धन मानेच्या तळापर्यंत भरायचे, वर कापसाची सैल गुंडाळी ठेवायची आणि त्यावरून मानेत हलक्या हाताने स्वच्छ पाणी भरायचे. अर्ध्या-पाऊण तासात पेशी कापसातून वर येतात आणि कडब्याचा गाळ खाली राहतो. हे पाहून आमच्या प्रयोगशाळेतील मामा म्हणाले, “मॅडम, ही गाळणी उलटी आहे.” वर्णन अचूक आहे.

खाऊ घालायच्या रंगीत यीस्टचे प्रमाण असे ठेवले: बेकरीतील ओले दाबलेले यीस्ट ३ ग्रॅम, काँगो रेड (आमचा रंगदर्शक) ३० मिलिग्रॅम, पाणी १० मिलि, मंद आचेवर १० मिनिटे उकळणे. जिवंत यीस्ट रंग आत घेत नाही, म्हणून उकळणे आवश्यक आहे. पहिल्या खेपेला ते जास्त उकळले गेले आणि गोळे झाले. पॅरामिशियमच्या मुखखाचेत सुटी यीस्टपेशी सहज जाते, गोळा जात नाही. तासभर पाहूनही एकही लाल रिक्तिका दिसली नाही आणि आम्ही उगाच पेशींना दोष देत बसलो. आता उकळल्यानंतर दुहेरी मलमलीतून गाळून, तळाशी बसू देऊन, वरचे लाल पाणी तीनदा बदलतो. मोकळा रंग पाण्यात राहिला तर पार्श्वभूमीच लाल होते आणि पुढची मोजणी अशक्य होते. काँगो रेड हा बेंझिडिनपासून बनलेला रंग असल्याने हातमोजे घालूनच काम करावे आणि उरलेले पाणी मोरीत ओतू नये.

१६ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा लाल रिक्तिका दिसल्या. अडचण अशी की पॅरामिशियम सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर पोहते आणि ४० पटींच्या भिंगाखालून क्षणात निसटते. त्याला मंद करण्यासाठी मिथाइल सेल्युलोजचे दोन टक्क्यांचे द्रावण वापरतात. ते गरम पाण्यात विरघळत नाही. भुकटी गरम पाण्यात भिजवून मग थंड पाणी घालून ढवळावी लागते आणि रात्रभर शीतकपाटात ठेवावी लागते. हे माहीत नसल्यास हाती गाठींची पेज येते.

त्याहून महत्त्वाची बाब क्रमाची आहे. मिथाइल सेल्युलोजमध्ये पेशी सोडून मग यीस्ट दिले तर रिक्तिका फारशा बनत नाहीत, कारण घट्ट द्रवात मुखखाचेतील पक्ष्माभिकांना (केसांसारख्या हलत्या तंतूंना) अन्नाचा प्रवाह ओढता येत नाही. म्हणून आधी साध्या पाण्यात खाऊ घालायचे आणि नंतरच थेंबभर घट्ट द्रावणात मिसळायचे. आच्छादन काचेच्या कडेला व्हॅसलीनची रेघ दिली नाही तर दहा मिनिटांत पाणी आटते, काच खाली दबते, पेशी चपट्या होतात आणि रिक्तिकांची हालचाल थांबते. थांबलेली पेशी चित्रणाला सोपी असते खरी, पण ती मरणपंथाला लागलेली असते आणि तिच्यातील रंगांचा काही भरवसा नसतो.

२३ फेब्रुवारी

भरपूर अन्न असताना पॅरामिशियम मिनिटा-दोन मिनिटांनी नवी रिक्तिका बनवते. त्यामुळे दहा मिनिटे खाऊ घातलेल्या पेशीत वेगवेगळ्या वयाच्या रिक्तिका एकत्र फिरत असतात आणि कोणती किती जुनी हे कळत नाही. यासाठी अन्न थोडा वेळ देऊन बंद करण्याची पद्धत हवी. नुसते पाणी मिसळून विरळ करण्याचा उपाय पुरेसा नाही. पेशी विरळ पाण्यातूनही लाल यीस्ट वेचत राहतात. आता दोन मिनिटे लाल यीस्ट, मग दसपट पाणी आणि त्याबरोबर न रंगवलेले उकळलेले यीस्ट भरपूर, असा क्रम ठेवला आहे. नव्या रिक्तिका बनत राहतात, पण त्या रंगहीन असतात. लाल रिक्तिकांचे वय दोन मिनिटांच्या आत-बाहेर निश्चित होते. या एका बदलाने सगळा प्रयोग अर्थपूर्ण झाला.

२ मार्च

ही नोंद लांबेल, कारण सर्वाधिक वेळ येथे गेला आणि हे काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येणारच आहे.

काँगो रेडचा रंग सामू ५ च्या वर लाल आणि ३ च्या खाली निळा असतो. मधल्या टप्प्यात जांभळ्या छटा येतात. गेल्या आठवड्याच्या चित्रणात पाचव्या मिनिटाला निळ्या रिक्तिका स्पष्ट दिसल्या आणि विद्यार्थी खूश झाले. मग त्यांच्यापैकी एकाने सहज म्हणून पेशीबाहेर तरंगणाऱ्या यीस्टकडे बोट दाखवले: तेही त्या चित्रात निळसर होते. पाण्याचा सामू ७ च्या वर असताना बाहेरचे यीस्ट निळे दिसण्याचे काहीच कारण नाही.

दोष मोबाईलचा होता. मोबाईलचा कॅमेरा पांढऱ्या रंगाचा तोल सतत स्वतःहून बदलत असतो. दृश्यात लाल यीस्ट जास्त आले की तो लाल कमी करून निळा वाढवतो, आणि लाल यीस्ट धुऊन टाकले की उलट करतो. म्हणजे आम्ही अन्न बंद करण्याची जी कृती करत होतो, तिच्यामुळेच चित्रातील रंग सरकत होते, आणि तेही आम्हाला हव्या त्याच वेळी. सामू अजिबात बदलला नसता तरी आमच्या चित्रफितीत तो बदललेला दिसला असता. तोपर्यंतचे सर्व चित्रण रद्द केले.

उपाय तीन. पहिला, कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये पांढऱ्याचा तोल, प्रकाशसंवेदन आणि शटरचा काळ हे तिन्ही हाताने ठरवून कायम करणे. ज्या मोबाईलमध्ये ही सोय नाही तो या कामाला घेऊ नये. दुसरा, प्रत्येक मालिकेआधी रिकाम्या जागेचे एक चित्र घेणे आणि मग इमेजजे या मोफत संगणक-प्रणालीत रिक्तिकेची लाल आणि निळ्या वाहिनीतील उजळता त्या रिकाम्या चित्राच्या उजळतेने भागणे. डोळ्याला काय दिसते यापेक्षा हा भागाकार अधिक विश्वासार्ह आहे. तिसरा उपाय भिंगाशी संबंधित आहे. स्वस्त वस्तुभिंगात दृश्याच्या कडेकडे लाल आणि निळा प्रकाश वेगवेगळ्या ठिकाणी केंद्रित होतो, त्यामुळे कडेच्या प्रत्येक वस्तूला एका बाजूने निळी आणि दुसऱ्या बाजूने लालसर किनार येते. कडेच्या रिक्तिका मोजायच्याच नाहीत, फक्त मधल्या एक तृतीयांश भागातील मोजायच्या, असा नियम केला. त्याने नमुने घटतात. ते सोसावे लागते.

सूक्ष्मदर्शकातील पिवळसर दिव्याच्या जागी पांढरा एलईडी बसवल्यानेही फरक पडला, कारण जुन्या दिव्याच्या प्रकाशात निळा भाग इतका कमी होता की निळ्या वाहिनीत नुसता गोंगाट मिळत होता.

१५ मार्च

रंगावरून सामू सांगायचा तर मोजपट्टी हवी, आणि ती बाटलीवर छापलेल्या आकड्यांची चालत नाही. दर्शक रंग प्रथिनाला चिकटला की त्याचा रंग बदलण्याचा सामू सरकतो, आणि आमचा रंग तर यीस्टच्या आत अडकलेला आहे. म्हणून सायट्रिक आम्ल आणि डायसोडियम फॉस्फेट यांची उभयरोधी (सामू स्थिर राखणारी) द्रावणे सामू २.६ पासून ७ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने तयार केली, प्रत्येकात तेच रंगीत यीस्ट टाकले आणि त्याच प्रकाशात, त्याच मांडणीने चित्रे घेतली. लाल-निळ्याच्या भागाकाराचा आलेख सामू ३ ते ५ च्या दरम्यान चांगला चढता येतो. त्याबाहेर तो सपाट आहे. अर्थात या पद्धतीने ‘सामू ३ किंवा त्याहून कमी’ आणि ‘५ किंवा त्याहून जास्त’ एवढेच दोन्ही टोकांना म्हणता येते. रिक्तिका ६ वर आहे की ७ वर, हे काँगो रेड सांगू शकत नाही.

द्रावणे करताना सामू मोजण्याच्या पट्ट्यांवर विसंबू नये. रसायनशास्त्र विभागातील सामूमापक एका दुपारपुरता मिळाला, तेवढा पुरला.

२३ मार्च

परीक्षा जवळ आल्याने विद्यार्थ्यांना प्रत्येक वेळी तासभर बसणे जमत नव्हते. ठरावीक मिनिटांना पेशी फॉर्मालिनमध्ये स्थिर करून ठेवाव्यात आणि सावकाश मोजाव्यात, असा विचार केला. परिणाम असा की सर्व वेळांच्या, अगदी पहिल्या मिनिटाच्याही, सर्व रिक्तिका जांभळ्या-निळ्या झाल्या. जुन्या फॉर्मालिनमध्ये फॉर्मिक आम्ल तयार झालेले असते. रंग त्या आम्लाचा होता. उदासीन केलेले फॉर्मालिन वापरले तर सगळ्या लाल झाल्या, कारण स्थिर केलेल्या पटलाला आतला आणि बाहेरचा सामू वेगळा राखता येत नाही. सामूतील फरक ही जिवंत पेशीने सतत ऊर्जा खर्चून टिकवलेली गोष्ट आहे. पेशी मेली की तो मावळतो. स्थिरीकरणाचा मार्ग या कामाला पूर्णपणे बंद आहे, त्यात कोणी वेळ घालवू नये.

३० मार्च

सर्व दुरुस्त्यांनंतरचे पहिले ग्राह्य निरीक्षण. खोलीचे तापमान २६ अंश. दोन मिनिटांच्या रिक्तिका लाल आणि टपोऱ्या. चार ते सहा मिनिटांच्या दरम्यान त्या लक्षात येण्याइतक्या आक्रसतात आणि जांभळ्या होऊन निळ्या पडतात. भागाकार मोजपट्टीवरील ३ च्या जवळ येतो. हे आक्रसणे आम्ही आधी पेशी दबल्याची खूण समजत होतो. वास्तविक या टप्प्यात रिक्तिकेचे मूळ पटल बारीक नळ्यांच्या रूपाने काढून घेतले जाते, आतले पाणीही बाहेर पडते आणि त्या पटलाची जागा ॲसिडोसोमचे पटल घेते. दहा मिनिटांच्या पुढे रिक्तिका पुन्हा फुगते आणि रंग लालीकडे परततो. लयकारिका मिळाल्याची ही वेळ आहे. वीस मिनिटांच्या आसपास काही पेशींनी मागच्या बाजूच्या ठरावीक छिद्रातून यीस्टचे अवशेष बाहेर टाकलेले चित्रित झाले.

काढून घेतलेले पटल वाया जात नाही. ते चपट्या चकतीसारख्या पुटिकांच्या रूपात सूक्ष्मनलिकांच्या पट्ट्यांवरून पुन्हा मुखाशी नेले जाते आणि पुढची रिक्तिका त्यापासून बनते. आमच्या भिंगाला त्या पुटिका दिसत नाहीत, पण खाणे तासन्‌तास चालू राहते आणि तरी पेशीचे पटल कमी पडत नाही, याचा उलगडा या फेरवापरानेच होतो.

१९ एप्रिल

संवर्धने मेली. बाहेर चाळिशीला टेकलेले तापमान, खोलीत दुपारी ३६ अंश, आणि रविवारी पंखा बंद. सुदैवाने कमळाच्या टाकीतून पुन्हा नमुना मिळाला, पण एकपेशीय वंशापासून सर्व पुन्हा करावे लागले आणि त्यात एप्रिलचे बरेच दिवस गेले. शीतकपाटाचा उपयोग नाही, तेथे फार थंड होते. मामांनी सुचवलेला उपाय लागू पडला: संवर्धनाच्या नळ्या मातीच्या पसरट कुंडीत उभ्या करून, कुंडीभोवती ओले गोणपाट गुंडाळून, खिडकीच्या सावलीत ठेवायच्या. कोरड्या हवेत बाष्पीभवनाने आतले तापमान २७ अंशांच्या आसपास राहते. आता कोणतेही संवर्धन दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्याशिवाय आम्ही सुट्टीवर जात नाही.

तापमानाचा परिणाम निकालावरही होतो. उन्हाळ्यात ३० अंशांवर केलेल्या मालिकेत निळा रंग लवकर आला. मार्चची आणि एप्रिलची मोजमापे एका आलेखावर मांडू नयेत.

१० मे

प्रतिदीप्तीचा (एका रंगाच्या प्रकाशाने रंगद्रव्य दुसऱ्या रंगात चमकवण्याचा) प्रयत्न थोडक्यात नोंदवतो. तपकीर गल्लीतून निळा उच्चशक्ती एलईडी, त्याचा उष्णताशोषक आणि विद्युतनियंत्रक आणला. निळा प्रकाश अडवण्यासाठी नाटकाच्या दिव्यांना लावतात तसला पिवळा-नारिंगी पारदर्शक कागद वापरला. या कागदातून निळा प्रकाश एवढा झिरपतो की क्षीण प्रतिदीप्ती त्यात बुडून जाते. खरी व्यतिकरण-गाळणी (ठरावीक रंगाचाच प्रकाश जाऊ देणारी काच) घेतली तरच उपयोग होईल आणि तिची किंमत आमच्या संपूर्ण प्रकल्पापेक्षा जास्त आहे. शिवाय आम्लधर्मी रिक्तिका दाखवणारा ॲक्रिडिन ऑरेंज हा रंग डीएनएला चिकटणारा आणि उत्परिवर्तक आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या हाती तो देणे मला योग्य वाटले नाही. एक हजाराच्या आसपास रुपये यात गेले. एलईडी तेवढा सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या कामासाठी ठेवला आहे.

१४ जून

रंग आम्लामुळेच बदलतो, हे दाखवायचे तर आम्ल बनणे रोखून पाहायला हवे. यासाठी संशोधक बॅफिलोमायसिन वापरतात. ते व्ही-एटीपेज या पंपाला अडवते, आणि हाच पंप एटीपी (पेशीचे ऊर्जाद्रव्य) खर्चून रिक्तिकेत हायड्रोजन आयन ढकलत असतो. त्याची किंमत आम्हाला परवडणारी नाही. स्वस्त पर्याय अमोनियम क्लोराईड, म्हणजे कल्हईवाले वापरतात तो नवसागर. त्यातून सुटणारा अमोनिया पटल सहज ओलांडतो, आत हायड्रोजन आयन घेऊन अमोनियम होतो आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. परिणामी आतला सामू वर जातो आणि पाणीही आत ओढले जाते. १९७८ मध्ये ओकुमा आणि पूल यांनी सस्तन प्राण्याच्या जिवंत पेशींतील लयकारिकांचा सामू ४.७ ते ४.८ मोजला, तेव्हा अशाच दुर्बल आम्लारींनी तो वर चढतो हेही दाखवले होते.

बाजारातील नवसागर अशुद्ध असतो म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा घेतला आणि १० मिलिमोलर, म्हणजे लिटरला ०.५३५ ग्रॅम, एवढे प्रमाण ठेवले. पहिल्या दिवशी निम्म्या पेशी काही मिनिटांत फुगून फुटल्या, दुसऱ्या दिवशी त्याच प्रमाणात सर्व सुखरूप. हा कोड्यात टाकणारा फरक सामूमापकाने सोडवला. पहिल्या दिवशीचे संवर्धन खिडकीत उन्हात होते, त्यात हिरवे शेवाळ वाढलेले होते आणि प्रकाशसंश्लेषणाने पाण्याचा सामू ८ च्या पुढे गेलेला होता. सामू ८.२५ असताना एकूण अमोनियमपैकी सुमारे ९ टक्के भाग मुक्त अमोनियाच्या रूपात असतो, ७.२५ असताना केवळ १ टक्का. विष नऊपट झाले होते. आता पेशी आधी सामू ७ च्या सौम्य फॉस्फेट द्रावणात घेतो.

तुलनेसाठी तितक्याच मिलिमोलरचे साधे मीठ वापरणे आवश्यक आहे, कारण बाहेरचा क्षार वाढला की संकोची रिक्तिकेचे (पेशीतील जादा पाणी बाहेर टाकणाऱ्या रिक्तिकेचे) आकुंचन मंदावते आणि तो परिणाम आम्लाशी संबंधित नाही. मिठातील पेशींत निळा रंग नेहमीच्या वेळी आला. नवसागरातील पेशींत पाचव्या मिनिटाला बहुतेक रिक्तिका जांभळट-लाल राहिल्या आणि त्या आक्रसल्याही नाहीत. हे अपेक्षेप्रमाणे आहे, तरी मी ते पक्के म्हणत नाही: नवसागरात पेशी कमी खातात, म्हणून मोजायला मिळालेल्या रिक्तिका थोड्या आहेत, आणि वय ठरवण्यातली दोन मिनिटांची सूट अशा वेळी जड पडते.

या पंपाकडे पाहण्याची दृष्टी गेल्या काही वर्षांत बदलली आहे, म्हणून एक गोष्ट येथे जोडतो. सस्तन प्राण्यांच्या पेशींत असे आढळले आहे की रिक्तिकेचा सामू बिघडला की व्ही-एटीपेजचे दोन भाग अधिक घट्ट जुळतात, एटीजी१६एल१ हे प्रथिन तेथे खेचले जाते आणि त्याच्यामार्फत एलसी३ हे दुसरे प्रथिन त्याच पटलाला जोडले जाते. म्हणजे आम्ल भरणारा पंपच आम्ल कमी पडल्याची वर्दी देतो. पॅरामिशियममध्ये असे काही घडते का, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला. रंगीत यीस्ट आणि मोबाईल यांच्या बळावर त्याचे उत्तर शोधता येणार नाही, एवढेच त्याला सांगितले.

१२ जुलै

एक शंका उरली होती. काँगो रेड आम्लात निळा होतो तसाच तो एकत्र गोळा झाल्यानेही गडद होतो, आणि रिक्तिका आक्रसताना यीस्ट दाटतेच. म्हणून ब्रोमोफेनॉल ब्ल्यू या दुसऱ्या दर्शकाने यीस्ट रंगवले. त्याचा रंग उलट दिशेने, म्हणजे आम्लात निळ्याकडून पिवळ्याकडे जातो. दाटल्याने किंवा भिंगाच्या किनारीमुळे निळे पिवळे होऊ शकत नाही. हा रंग यीस्टमधून लवकर झिरपतो, त्यामुळे तो त्याच दिवशी वापरावा लागतो, आणि प्रथिनाला चिकटल्यावर तो अपेक्षेपेक्षा बराच खालच्या सामूपर्यंत निळाच राहतो. त्याची मोजपट्टी स्वतंत्र करावी लागली. पाच ते सहा मिनिटांच्या, आक्रसलेल्या रिक्तिका पिवळ्या-हिरव्या झाल्या. त्याच पेशीतील ताज्या रिक्तिका निळ्या होत्या. एकाच चित्रात, एकाच प्रकाशात दोन्ही रंग आल्याने कॅमेऱ्यावरचा संशयही गेला.

पावसाळी दमट हवेत ओल्या गोणपाटाचा उपाय चालत नाही, पण आता त्याची गरजही नाही. खर्च एकूण चार हजारांच्या आतबाहेर झाला: मिथाइल सेल्युलोज आणि दोन्ही रंग मिळून निम्मा, प्रतिदीप्तीचा वाया गेलेला चौथाई, बाकी काचपट्ट्या, एलईडी दिवा आणि किरकोळ. काँगो रेडची सर्वांत लहान बाटलीसुद्धा आम्हाला दहा वर्षे पुरेल. पुण्यातील दुसऱ्या महाविद्यालयाने हे काम घेतल्यास रंग आणि संवर्धन दोन्ही आमच्याकडून न्यावे. संवर्धनासाठी येताना साबणाने न धुतलेली, नुसत्या गरम पाण्याने खळखळून काढलेली काचेची बाटली आणावी आणि ती निम्मीच भरून न्यावी, म्हणजे वाटेत पेशींना हवा पुरते.